चाळीची भाडेपावती कुठे गेली?

मुंबईच्या चाळींवर किंवा गिरणगावावर संशोधन करायचं ठरलं की लिटरेचर रिव्ह्यूमधला एक परिच्छेद जवळजवळ आपोआप लिहिला जातो. चाळ म्हणजे एक मोठं कुटुंब. दारं सताड उघडी, एकाच्या घरचं लग्न म्हणजे सगळ्यांचं, गणपती सार्वजनिक आणि भांडणंही सार्वजनिक. मग टॉवर आले, दारं बंद झाली, माणुसकी संपली. पुरावा म्हणून पुलंची ‘बटाट्याची चाळ’ आणि जमलं तर जयंत पवारांचं ‘अधांतर’.

आजची पोस्ट या परिच्छेदाबद्दल आहे. त्यात सांगितलेलं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण त्यात एक कागद गायब आहे: भाडेपावती. चाळीतली खोली ही सगळ्यात आधी भाड्याची खोली असते. कोण कोणाला किती भाडं देतं, पावती कोणाच्या नावावर आहे, ती मुलाच्या नावावर चढते का, हे प्रश्न बाजूला ठेवले की चाळीबद्दलची बाकीची विधानं चुकीच्या जागी जाऊन बसतात. आपण मराठी साहित्य पुरावा म्हणून वापरतो, तेव्हा तर हे फारच होतं.

आधी कायदा, थोडक्यात

मुंबईत भाड्यावर नियंत्रण पहिल्या महायुद्धाच्या काळापासून, म्हणजे १९१८ पासून येत-जात राहिलं. पण आपल्या कामाचा कायदा १९४७ चा, मुंबई भाडे नियंत्रण कायदा. या कायद्यातलं ‘प्रमाण भाडं’ ठरलं १ सप्टेंबर १९४० या तारखेवरून. त्या दिवशी खोलीचं जे भाडं होतं, तेच पुढे कायम. कर वगैरेंसाठी थोडी वाढ मिळायची, बाकी काही नाही. भाडेकरूला काढायचं तर कायद्यात सांगितलेल्या मोजक्याच कारणांवरून. भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेहक्क जायचा.

तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक चालला. १९९७ मध्ये ‘मालपे विश्वनाथ आचार्य’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की भाडं असं गोठवून ठेवणं काळाच्या ओघात अवाजवी झालं आहे. मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात घरमालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळाली. तोवर गुन्हा असलेली पागडीही कायदेशीर झाली.

हे किती बारीक प्रकरण आहे ते एका काल्पनिक आकड्यावरून बघा. १९४० साली खोलीचं भाडं १० रुपये होतं असं धरू. २००० सालापर्यंत ते साधारण तिथेच. पुढे दरवर्षी ४ टक्के, तेही चक्रवाढीने लावलं तरी २०२४ साली होतात जेमतेम २६ रुपये. कर आणि दुरुस्ती उपकर वेगळे. आता ही खोली गिरगावात आहे असं समजा आणि शेजारच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटचं भाडं आठवा.

या फरकाचा परिणाम सरळ आहे: कोणी हलत नाही. ही खोली सोडली तर या भाड्यात दुसरी मिळणार नाही. त्यामुळे तीन-तीन पिढ्या तेच शेजारी, तोच नळ, तोच जिना. आपण ज्याला शेजारधर्म म्हणतो त्याच्या पायाशी ही न हलण्याची सक्तीही आहे. एकत्र कुटुंबाचंही तसंच. पावती मुलाच्या नावावर चढायची तर बाप वारला तेव्हा मुलगा त्या खोलीत राहत होता हे दाखवावं लागतं. मग थोरला डोंबिवलीला गेला तरी त्याचं नाव लालबागच्या शिधापत्रिकेवर राहतं. धाकटा लग्न होऊनही पोटमाळ्यावर संसार मांडतो. चाळीतलं एकत्र कुटुंब संस्कारातून आलं तितकंच कायद्याच्या कलमातूनही आलं. संशोधकाने दोन्ही धरायला हवं.

‘बटाट्याची चाळ’ पुन्हा वाचताना

पुलंचं पुस्तक १९५८ चं. १९६१ पासून त्याचे एकपात्री प्रयोग सुरू झाले. तेव्हा भाडी गोठवणारा कायदा दहा-बारा वर्षांचा झाला होता आणि प्रेक्षागृहातले अर्धेअधिक लोक त्याच कायद्याच्या छपराखाली राहत असणार. पुस्तकात भाडं मध्यभागी येत नाही. पण त्याची सावली पुस्तकाच्या घडणीवरच पडली आहे असं मला वाटतं.

बघा, विनोद कशावर उभा आहे? कोचरेकर मास्तर, अण्णा पावशे, बाबूकाका खरे, त्रिलोकेकर ही मंडळी एका लेखातून दुसऱ्या लेखात तशीच भेटत राहतात. उपास असो, भ्रमणमंडळ असो, माणसं तीच. कोण काय बोलणार हे आपल्याला आधीच माहीत असतं आणि त्याचीच गंमत येते. हे जमतं कारण चाळीतून कोणी जात नाही आणि नवीन कोणी येत नाही. दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड बदलणाऱ्या इमारतीवर हे पुस्तक लिहिताच आलं नसतं. पात्रं बदलत नाहीत, कारण भाडेकरू बदलत नाहीत. म्हणजे गोठलेलं भाडं पुस्तकाच्या आशयात फारसं नसलं तरी त्याच्या रूपात आहे.

दुसरी जागा ‘गच्चीसह झालीच पाहिजे’. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेवरचं हे विडंबन सगळ्यांना आठवतं. गच्ची भाडेकरूंना खुली व्हावी म्हणून चाळकरी आंदोलन उभारतात, आणि आपण ते राजकीय विडंबन म्हणून वाचतो. पण तिथे एक साधा प्रश्न विचारा: भांडण गच्चीवरूनच का? भाड्यावरून का नाही? कारण भाडं कायद्याने बांधलेलं होतं. मालकाला ते वाढवता येत नव्हतं आणि भाडेकरूला काढता येत नव्हतं. मालकाच्या हातात उरलं होतं ते खोलीच्या बाहेरचं: गच्ची, जिना, नळ, रंगरंगोटी, डागडुजी. खोली भाडेकरूची झाल्यासारखी होती, बाहेरचं सगळं मालकाचं. घरमालक आणि भाडेकरू यांचं भांडण सरकून अशाच जागांवर येणार. त्या लेखात कल्पनेची धमाल आहेच, पण १९५० च्या दशकातल्या भाडेसंबंधाची नेमकी नोंदही आहे. ती आपण वाचायची राहून गेलो.

आणि डागडुजी? ती मालक करेना, कारण मिळणाऱ्या भाड्यात ते परवडेना आणि परवडलं तरी करण्यात फायदा दिसेना. १९६९ साली दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळाचा कायदा करून सरकारला हे काम अंगावर घ्यावं लागलं. जुन्या इमारतींवर दुरुस्तीचा उपकर बसला. ‘उपकरप्राप्त इमारत’ हा गिरगाव-परळमध्ये घरोघरी माहीत असलेला शब्द तिथून आला. अशा १९ हजारांहून जास्त इमारती तेव्हा होत्या. त्यातली ‘अ’ वर्गाची व्याख्या काय, तर १ सप्टेंबर १९४० पूर्वी बांधलेली. पुन्हा तीच तारीख! भाडं जिथे थांबलं तिथूनच इमारतीचं म्हातारपण मोजलं गेलं. पुस्तकाच्या शेवटच्या चिंतनात सूर हळवा होतो. ज्या व्यवस्थेने ती आपुलकी टिकवली तिनेच भिंतीही पोखरल्या, हे मनात ठेवून तो भाग वाचला तर तो जास्त खोल जातो.

‘अधांतर’: पगार गेला, खोली राहिली

‘अधांतर’ रंगमंचावर आलं १९९७ मध्ये. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचा तो निकाल आणि हे नाटक एकाच वर्षातले. त्यावर पुढे ‘लालबाग परळ’ हा चित्रपट आला, २०१० साली. नाटक एका खोलीत घडतं. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर एका गिरणी कामगाराच्या घराची जी पडझड होते ती आपण तिथे बघतो. या नाटकावर लिहिताना बहुतेक जण संप, बेकारी आणि गुन्हेगारी या तीन शब्दांवर थांबतात.

मला त्यातली खोली महत्त्वाची वाटते. गिरणीतला पगार बंद होतो, मुलं वेगवेगळ्या दिशांना फेकली जातात, तरी खोली जात नाही. माणसं रस्त्यावर येत नाहीत, ती घरात अडकतात. नाटकाचं नाव ज्या अवस्थेला आहे, ती लटकलेली अवस्था या खोलीमुळेच शक्य होते. भाडं बाजारभावाचं असतं तर हे कुटुंब काही महिन्यांत विरार किंवा कोकण गाठतं आणि नाटकाला जागाच उरत नाही.

यातून संशोधनाचा एक चांगला प्रश्न निघतो. सुमारे अडीच लाख कामगारांचा संप इतका लांबला, तो कशाच्या आधारावर? गावची शेती, बायकांची कमाई, वाण्याची उधारी यांचा उल्लेख नेहमी होतो. जवळजवळ नगण्य झालेल्या भाड्याचा वाटा किती? नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावच्या लोकांच्या आठवणी २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ या पुस्तकात एकत्र आणल्या. ते पुस्तक हा प्रश्न हातात घेऊन पुन्हा वाचून बघा.

ज्यांना खोली मिळालीच नाही

इथवर आपण आत असलेल्यांबद्दल बोललो. आता दाराबाहेर या.

पुलंच्या चाळीतली आडनावं पुन्हा वाचा. बहुतेक सगळी पांढरपेशी. त्यांच्यात कोकणी-देशी चिमटे आहेत, पण जिन्याच्या पहिल्या पायरीवर ‘कोण तुम्ही?’ असं कोणाला विचारलं गेलं ते पुस्तक सांगत नाही. ते विचारलं जायचं हे सांगायला मराठीत दुसरी पुस्तकं आहेत. बाबुराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (संग्रह १९६३ चा) ही कथा सुरतेजवळच्या उधन्यात घडते. रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवतो, आणि ती लपवण्याचा प्रसंग भाड्याच्या जागेच्या शोधाशी जोडलेला आहे. जात उघड झाल्यावर त्याला मार बसतो. बागुल स्वतः माटुंगा लेबर कॅम्पमधले. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) नागपाड्याजवळचा कावाखाना आहे: एका घरात पोटभाडेकरूंची दोन-तीन बिऱ्हाडं आणि मध्ये लाकडाचा आडोसा.

ही दोन पुस्तकं आपण ‘दलित साहित्य’ या प्रकरणात टाकतो आणि ‘बटाट्याची चाळ’ ‘नागरी जीवन’ या प्रकरणात. ही विभागणीच चुकीची आहे असं माझं म्हणणं. तिन्ही पुस्तकं एकाच शहराच्या भाडेबाजारातून आलेल्या माणसांची आहेत. ज्याला पावती मिळाली त्याने विनोद लिहिला आणि ज्याला नाही त्याने आत्मकथन लिहिलं, इतकं सोपं ते नाही. पण एकत्र वाचल्याशिवाय कुठलंच पुस्तक पूर्ण वाचून होत नाही.

हे आजच्या वादालाही लागू आहे. मराठी माणसाला किंवा मासे खाणाऱ्याला जागा नाकारली अशी बातमी आली की आपण चिडतो, आणि चिडावंच. पण निवडून भाडेकरू घेणं हे टॉवरसोबत आलेलं नाही. गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी १९१५ ची, तीही जातीच्या नावावरच उभी राहिली. दादर-माटुंग्यात चाळीऐवजी स्वतंत्र संडास-मोरीचा ‘ब्लॉक’ कसा रुजला आणि त्यात जातीचा भाग किती होता, हे निखिल राव यांच्या ‘हाऊस, बट नो गार्डन’ (२०१३) या पुस्तकात सविस्तर आहे. जुनी चाळ सर्वांना खुली होती असं लिहिण्याआधी ते जरूर वाचा.

पावतीवर नाव नसलेली माणसं

आणखी एक गट आहे. तो घराच्या आत होता, पण कागदावर नव्हता. लालबाग-परळच्या गावकरी मंडळांच्या खोल्या घ्या. एका गावचे पुरुष एका खोलीत, पाळीनुसार झोपायचे, भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक. पावती एकाच्या नावावर, राहणारे कितीतरी. त्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळीच्या बायका घ्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्यांच्यासाठी खोली हे घरही होतं आणि कारखानाही, पण पावतीवर नाव असायचं ते बहुधा नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं.

पुनर्विकास येतो तेव्हा हे सगळं कागदावर तपासलं जातं. बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांचं घर, तेही मालकीचं. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. आयुष्य बदलून टाकणारी ही गोष्ट आहे. पण ती मिळते पात्र ठरलेल्याला, आणि पात्रता कागदावरून ठरते. पोटभाडेकरू, गावकरी खोलीतला माणूस, माहेरी परतलेली बहीण, यांनी चाळीतलं आयुष्य तितकंच जगलेलं असतं. यादी करताना त्यांना काय दाखवता येतं?

‘चाळ म्हणजे एक कुटुंब’ हे वाक्य म्हणूनच निरुपद्रवी नाही. सगळे एकाच कुटुंबातले म्हटलं की कोणाकडे हक्क होता आणि कोण दुसऱ्याच्या मर्जीवर राहत होतं, हा फरक पुसला जातो. नंतर पात्रता यादीत तो फरक परत येतो, आणि तेव्हा त्यावर बोलायला आपल्याकडे ना साहित्य असतं ना संशोधन.

दुसऱ्या बाजूचा परिच्छेद

अर्थशास्त्राकडून येणाऱ्यांसाठी वेगळा, पण तितकाच तयार परिच्छेद आहे: भाडे नियंत्रणाने मुंबईतली भाड्याची घरं संपवली. या म्हणण्यात तथ्य आहे. वैदेही तांडेल, शिरीष पटेल आणि सहकाऱ्यांचा मुंबईतल्या भाड्याच्या घरांच्या घसरणीवरचा २०१६ चा लेख वाचायलाच हवा. १९७३ ची दुरुस्तीही लक्षात ठेवा. त्या वर्षी १ फेब्रुवारीला परवान्यावर, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर, राहत असलेल्यांना कायद्याने भाडेकरू मानलं गेलं. ‘आज परवाना दिला आणि उद्या तो भाडेकरू झाला तर?’ ही घरमालकांची भीती तिथून पक्की झाली. आजच्या अकरा महिन्यांच्या करारामागे, भरमसाट डिपॉझिटमागे आणि कुलूप लावून ठेवलेल्या फ्लॅटमागे तिचा हात आहे.

पण या परिच्छेदात भाडं आहे आणि माणसं नाहीत. भाडी गोठली नसती तर कोण गिरगावात राहिलं असतं आणि कोण नाही, हा प्रश्न तिथे ‘बाजारभाव’ या शब्दाखाली झाकला जातो. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा विद्यार्थी गणपती मंडळाची वर्गणी का देत नाही, याचं उत्तर त्याच्या संस्कारात शोधू नका. त्याच्या करारात शोधा.

पुलंकडून भाडेकायद्याची अपेक्षा करणं अन्याय आहे, असा आक्षेप कोणी घेईल. बरोबर आहे. विनोदी लेखक समाजशास्त्राचा अहवाल लिहायला बसलेला नसतो. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाहीच. तक्रार आहे ती त्यांचं पुस्तक अहवाल म्हणून वापरणाऱ्या आपल्याविषयी.

प्रपोजल लिहिताना

तुम्ही चाळ, वाडी, वसाहत किंवा पीजी, कशावरही काम करत असाल, तरी कथा, नाटक, सिनेमा किंवा मुलाखत पुरावा म्हणून घेताना चार प्रश्न समासात लिहून ठेवा. भाडं किती आणि ते कधी ठरलं? पावती किंवा करार कोणाच्या नावावर? जागा कोणाला नाकारली गेली असती? आणि उद्या इमारत पाडली तर कोणाला घर मिळेल? पुस्तकात उत्तर नसेल तर तेही लिहा. नसणं हासुद्धा निष्कर्ष आहे, फक्त तो पुस्तकाबद्दलचा आहे, चाळीबद्दलचा नाही.

फिल्डवर्कला गेलात तर ‘चाळीतलं जुनं आयुष्य कसं होतं?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. त्याला सगळे तोच परिच्छेद ऐकवतात, कारण तो त्यांनीही वाचलेला, पाहिलेला असतो. ‘पावती कोणाच्या नावावर होती?’ असं विचारा. लोक आत जातात, कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढतात आणि आजोबांच्या नावाच्या पावत्या समोर ठेवतात. मग भावांमधलं भांडण निघतं, आत्याचं नाव निघतं, मालकाशी झालेला खटला निघतो. दारं कोणासाठी उघडी होती आणि कोणासाठी नव्हती, हेही त्यातच निघतं.